गोळ्यांचा लोड

३ जून, सकाळी ७
दामिनीला तिसरा महिना. लग्नानंतर सहा वर्षांनी. आनंद मावत नाही. अडचण एकच, तिच्या मिरगीच्या गोळ्या. काल डॉक्टर सुमती मॅडम म्हणाल्या, स्वतःच्या मनाने गोळी बंद करायची नाही, कमीही करायची नाही. फिट आली तर बाळालाही धोका. झोप पूर्ण हवी. मी मान हलवली. पण पोटात बाळ आणि वरून केमिकल? पटत नाही.

दुपारी
मार्ग सापडला. कोराडीच्या वीज प्लांटवर अकरा वर्षं ऑपरेटर आहे. चालू युनिट कोणी खटकन बंद करत नाही, लोड हळूहळू उतरवतात. गोळीचंही तेच. आधी पाऊण, मग अर्धी. मॅडमना प्लांट कुठे माहीत?

४ जून
औषधखातं माझ्याकडे घेतलं. वाटलं, दामिनी भांडेल. तिने निमूटपणे गोळ्या डबीत भरून आणून दिल्या. याला लीडरशिप म्हणतात. गोळ्यांचं पाकीट मागितलं नाही. गोळी मला नुसती बघून कळते.

७ जून
पाऊण सुरू. एक तुकडा सुरीखालून उडून कूलरमागे गेला. आईला प्लॅन सांगितला. अभिमान वाटेल असं वाटलं होतं. म्हणाली, डॉक्टरीनबाईले इचारलं काय गा? पोरीच्या जिवाशी काहून खेळून राहिला? जुन्या पिढीला सायन्स समजत नाही.

१२ जून
अर्धी. संध्याकाळी दामिनी गॅससमोर एकटक बघत उभी. मी धावत गेलो. दोन वर्षांपूर्वी बसमध्ये तिला फिट आली, तेव्हा मी तिच्या नाकाला चप्पल लावत बसलो होतो. तिला कुशीवर वळवायचं कंडक्टरला सुचलं. आज ती फक्त दूध बघत होती म्हणे. असो. लोड उतरताना थोडं कंपन असतंच.

१९ जून
एकही फिट नाही. सिद्ध झालं. मॅडमना पद्धत समजावून सांगणार. इतर पेशंटांचंही भलं होईल.

२४ जून, दुपारी २
मॅडमनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला. गरोदरपणात रक्तातलं औषध कमी होतं, डोस जरा वाढवू म्हणाल्या. मी थांबवलं. अर्ध्या गोळीवर आणून दाखवल्याचं सांगितलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. दामिनीने पर्समधून पाकीट काढलं. मिरगीची पूर्ण गोळी ती रोज दोन्ही वेळा घेतच होती. मला दिलेल्या डबीत कॅल्शियम होतं. मॅडम मला म्हणाल्या, तेही अख्खं द्या.

संध्याकाळी
बसने परतताना विचारलं, तेव्हाच मले काहून नाही सांगितलं वं? म्हणाली, तुमच्याशी वाद झाला का माही झोप उडते. मॅडमनं झोप सांभाळाले सांगतलं होतं.

आधी राग आला. मग इतकं हायसं वाटलं की खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले.

सहा वर्षांत तिच्याशी झालेले बहुतेक वाद मीच जिंकलो आहे. त्यातले किती तिने झोपेपायी सोडून दिले, हे विचारायची हिंमत झाली नाही.