श्रीमती लेडबेटर यांच्या पाण्याबाबत

प्रति,
मा. अधिष्ठाता, विद्यार्थी व्यवहार,
कॅटाल्पा विद्यापीठ, अलाबामा.

विषय : आमच्या दारात दर रविवारी होणारे पाणीवाटप बंद करण्याबाबत.
संदर्भ : आमचे बंधुमंडळ एक सत्र निरीक्षणाखाली ठेवणारे आपले पत्र.

महोदय,

१. झीटा म्यू रो या विद्यार्थी बंधुमंडळाचा अध्यक्ष या नात्याने मी हा अर्ज सादर करीत आहे. आमच्या मंडळात येऊ इच्छिणारा प्रथम वर्षाचा विद्यार्थी व्हिट लेडबेटर सप्टेंबरमध्ये उष्माघाताने वारला. तेव्हापासून त्याची आई श्रीमती नडीन लेडबेटर दर रविवारी चर्चमधून थेट इकडे येतात, आमच्या पायऱ्यांसमोर पदपथावर घडीची खुर्ची मांडतात आणि बर्फाच्या पाण्याचे पिंप घेऊन बसतात. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक बंधूपुढे पेला धरून म्हणतात, “घे रे बाळा, दोन घोट पी. ऊन बघ किती चढलंय.” वास्तविक सध्या नोव्हेंबर चालू आहे.

२. यामुळे बंधूंना मागच्या कुंपणावरून उड्या मारून ये-जा करावी लागते. आमचा खजिनदार टकर याने भिडेखातर एकदा पेला घेतला. तो पीत असताना बाईंनी विचारले, “माझ्या व्हिटनं पाणी मागितलं होतं का रे?” टकर त्याच आठवड्यात शिक्षण सोडून घरी गेला. एका गुणी विद्यार्थ्याचे असे नुकसान झाले, त्याची चौकशी मात्र कोणी करीत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

३. गैरसमज नको म्हणून घटना थोडक्यात नमूद करतो. परंपरेनुसार नव्या मुलांनी संस्थापकांचे लोकरी कोट घालून मागच्या हिरवळीवर उन्हात मूकपणे उभे राहायचे असते. लेडबेटरने पाणी मागून मौन मोडले, म्हणून त्याची वेळ नियमानुसार वाढवण्यात आली. पुढे तो पडला. रांगेतला कोडी नावाचा मुलगा ओरडू लागला, “अरे, हा उठत नाहीये! फोन करा कोणीतरी!” त्यावर आमचा एक बंधू म्हणाला, “नाटकं आहेत सगळी. गेल्या वर्षी मीपण असाच पडलो होतो, नंतर दोन ताटं बार्बेक्यू हाणलं.” तरीही मी विषय गांभीर्याने घेतला. आमच्या नियमावलीप्रमाणे ठरावाशिवाय बाहेर फोन करता येत नाही, आणि या नियमावलीस आपल्याच कार्यालयाची मंजुरी आहे. कोडीचा ठराव अग्राह्य होता, कारण नव्या मुलांना मत नसते. “तुला मत नाही, रांगेत उभा राहा,” असे मी त्याला सौजन्याने सांगितले. मग मी स्वतः ठराव मांडला, परंतु गणपूर्ती होईना. बहुतेक बंधू आत फुटबॉलचा सामना पाहत होते. निरोप धाडला तर उत्तर आले, “मध्यंतर होऊ दे, मग येतो.” मध्यंतर होताच सर्व जण आले आणि रुग्णवाहिका बोलावण्याचा ठराव एकमताने संमत झाला. सदस्यांची संवेदनशीलता यावरून दिसून येते.

४. श्रीमती लेडबेटर यांच्या प्रश्नावरही आम्ही रीतसर सभा घेतली. उत्तर देऊ नये असे ठरले. या सभेस सर्व सदस्य वेळेवर हजर होते.

५. लेडबेटर दीक्षेपूर्वी वारला असल्याने तो आमचा बंधू नव्हता. साहजिकच त्याच्या आईचा आमच्या दाराशी संबंध पोहोचत नाही. त्यांच्याविषयी आम्हाला पूर्ण सहानुभूती आहे. तरी त्यांना पाण्यासह मज्जाव करावा. ते शक्य नसेल तर निदान बंधूंना नावाने हाका मारण्यास मनाई करावी, कारण आता त्यांना आमची सर्वांची नावे पाठ झाली आहेत. मागच्या रविवारी त्या मला म्हणाल्या, “प्रेस्टन, ओठ किती सुकलेत रे तुझे!” त्या दिवसापासून माझ्या घशाखाली पाणी उतरत नाही, हेही आपण विचारात घ्यावे.

६. या अर्जाची प्रत कोणत्याही परिस्थितीत श्रीमती लेडबेटर यांना मिळू नये. परिच्छेद ३ मध्ये त्यांच्या प्रश्नाचे उत्तर अनवधानाने आले आहे. ते वाक्य वगळून अर्ज नव्याने लिहिला असता, परंतु मजकूर सभेने मंजूर केलेला असल्याने बदलासाठी पुन्हा गणपूर्ती लागेल, आणि सुटीमुळे बंधू आपापल्या आईकडे गेले आहेत.

आपल्या न्यायबुद्धीवर विसंबून,
आपला नम्र,

प्रेस्टन हॉलकोम
अध्यक्ष, झीटा म्यू रो
दिनांक : २६ नोव्हेंबर