बावीस नंबरचा फोन

३ मार्च, सोमवार. सकाळी ७
ब्लँटायरच्या ऑफिसात इंटरनेटचे फोन आले. आमच्या थ्योलोच्या चहा फॅक्टरीत तांब्याच्या तारांवरचेच आहेत. मध्ये एक डबा बसवलाय, फॅक्टरीतला प्रत्येक फोन त्यातूनच जातो. त्यातून जाणारा-येणारा आवाज सारखा करायचा, एवढंच काम. मॅनेजर गोन्द्वे म्हणाले, पुढच्या सोमवारच्या मीटिंगपर्यंत ज्याला जमेल तो टेलिफोन इन्चार्ज. म्हणजे मीच. वर्कशॉपमधल्या बावीस नंबरच्या फोनवर बावीस वर्षं बोलतोय. दुसरा उमेदवार लुसुंगू म्हांगो, पोरगा, नोकरीला लागून सहा महिने झाले. त्याच्याबद्दल मनात काहीही नाही.

१०.२०
एक्सचेंजच्या ऑपरेटर नाचिसाले मायींनी घरून तळून आणलेल्या गरम मंदासीची, म्हणजे गोड पिठाच्या गोळ्यांची, बशी लुसुंगूपुढे ठेवली. आजवर ती आधी माझ्यापुढे यायची. नुसती नोंद.

४ मार्च, मंगळवार
लेव्हल लावली. पद्धत माझी स्वतःची. फोनवर नेहमीसारखं बोलायचं, स्क्रीनवरची पट्टी लाल झाली की सगळ्या फोनांचा जाणारा आवाज उतरवायचा. नऊ पायऱ्या उतरवल्यावर हिरवी झाली. अर्ध्या तासात काम खलास. लुसुंगू मात्र यंत्रातून शिट्टी सोडून मोजत बसतो. मी म्हटलं, शिट्टी गुरं हाकायला. तो म्हणाला, "शिट्टी रोज सारखीच वाजते, बाम्बो. माणसाचं तसं नसतं." बाम्बो म्हणजे साहेब. मान तोंडापुरता.
मायी हसल्या. कशाला, कळलं नाही.

६ मार्च, गुरुवार
ब्लँटायरची तक्रार: फॅक्टरीतले सगळे कुजबुजतात. फक्त माझा आवाज स्पष्ट येतो. बोलता कोणाला येतं ते यातून सिद्ध झालं. सगळ्यांना सांगितलं, पोटातून बोला. मायी म्हणाल्या, "पोटातून काय बोलू? पहाटेपासून तळतेय, पोटात काही गेलंच नाही." लुसुंगूने लगेच बशी त्यांच्यापुढे सरकवली. लाळघोटेपणा.

७ मार्च, शुक्रवार
संकल्प: एक्सचेंजच्या खोलीत डोकवायचं नाही. चार वेळा डोकावलो, पण चारही वेळा काम होतं. दोघं जवळजवळ बसून शिट्टी ऐकत होते. शिट्टीत ऐकण्यासारखं काय असतं?

संध्याकाळी ४
तक्रार मिटवली. जाणारा आवाज पंधरा पायऱ्या चढवला. लुसुंगू म्हणाला, "इतका चढवलात तर आवाज फिरून परत येईल. सोमवारच्या आधी एकदा तपासून देऊ?" नको म्हटलं. त्याला श्रेयात वाटा हवाय.

१० मार्च, सोमवार
सगळ्या मळ्यांची मीटिंग, फोनवर. मी गुड मॉर्निंग म्हटलं. तेच गुड मॉर्निंग परत आलं. मग पुन्हा. मग फोनातूनच किंचाळी. तारांत ओल असणार. गोन्द्वे म्हणाले, "अहो, तुम्हाला फोन लागतो कशाला? खिडकी उघडा, ब्लँटायरला ऐकू जाईल." लुसुंगूने दहा मिनिटांत सगळं सरळ केलं. दहा मिनिटांत केलेलं काम टिकत नाही.

११ मार्च, मंगळवार
इन्चार्ज लुसुंगू.
त्याच्या टेबलावरचा कागद सहज दिसला. सगळ्या फोनांपुढे शून्य. बावीसपुढे: "तार चांगली. माणूस मोठ्याने बोलतो. उणे नऊ." अख्ख्या फॅक्टरीत स्वतंत्र सेटिंग फक्त मला. गोन्द्वेंनाही नाही.

दुपारी ३
आजपासून सौम्य बोलायचं. वर्कशॉपातून एक्सचेंजला फोन लावला. मायींना अगदी हळू आवाजात विचारलं, मंदासी उरल्यात का.
त्या दोनदा हॅलो म्हणाल्या. मग लुसुंगूला म्हणाल्या, "कोणी नाही रे," आणि फोन ठेवला.