टॉनिकच्या डब्यात हुलगे

मालनवहिनी,

तुम्ही गोठ्यात धार काढताय आणि माझी राहुरीची एसटी सुटेल, म्हणून लिहून ठेवतोय. परवा मी आईदेखत तुमच्यावर ओरडलो. दादा तापातून उठलाय, त्याला मी आणलेली टॉनिकची पावडर अन् बिस्किटं सोडून हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं काय पाजता, म्हणालो. तुम्ही हातातली पळी खाली ठेवली नाही. "भूक लागू द्या, मग ताजं, गरम द्या, अन् थोडी भूक हाय तवरच ताट उचला," एवढंच बोललात. औषधांच्या दुकानात बसून मी किती लेबलं वाचली, इतकं सोपं एकावरही नव्हतं.

आज दादा भिंत न धरता अंगणात आला आणि मला म्हणाला, "माडगं उरलंय का बघ." वहिनी, मानलं तुम्हाला! आईशी बोललोय, दादाला काय द्यायचं ते तुम्हीच ठरवायचं. चुलीपुढून आता तुम्हाला कुणी उठवणार नाही.

पावडर गोड होती, ती मीच चमच्यानं खाऊन संपवली. डबा धुऊन त्यात तुमचे हुलगे भरलेत. डब्यावर ते गुबगुबीत पोर हसतंय ना, ते आता कुठं खरं वाटतंय.

कानिफ