सिमेंटचं खळं

रविवार, १८ जानेवारी, संध्याकाळ

बाबांच्या चपला काही डोळ्यांसमोरून जात नाहीत.

आज त्यांना शीळफाट्याजवळच्या त्या नव्या पार्कात नेलेलं. परीमहाल, ड्रॅगन सगळं झाल्यावर शेवटी एक गाव उभारलंय. प्लास्टिकचं भात, फायबरचे बैल, विहिरीवर हसऱ्या बायकांचे पुतळे. मी लगेच नावं ठेवायला लागले. चिखल कुठेय? बायकांची दुखरी कंबर कुठेय? इतकं खोटं दाखवायचं? अभिप्रायाच्या वहीत तसं लिहायलाही घेतलं.

मागे वळून बघते, तर बाबा चपला काढतायत. पुढ्यात भात झोडायचं खळं, सिमेंटचं, गुळगुळीत.

"बाबा, खोटंय ते. घाला चपला."

"खल्यावर चपला घालून जातान का गो?"

एवढंच म्हणाले. चपला कडेला नीट जोडून ठेवल्या आणि अनवाणी आत गेले. मधोमध जाऊन थांबले. मग वाकून जमिनीला हात लावला, तो कपाळाला लावला. लोक बघत होते. मला आधी लाज वाटली, हेही लिहून ठेवते.

वहीतलं वाक्य अर्धंच सोडलं. काय लिहिणार होते? की हे खरं नाही?

आमचं खरं खळं आता आमच्याच टॉवरच्या पार्किंगखाली आहे. जमीन बिल्डरला द्या म्हणून बाबांच्या मागे मीच लागलेले. ते कधी एका शब्दाने बोलले नाहीत. रोज सकाळी दूध आणायला त्याच्यावरूनच जातात.

चपला घालून.