जिवंत चामडं

५ मार्च
भाऊजी आज बसेनातच! आमच्या चपलांच्या दुकानात सकाळपासून उभे. उभ्यानंच जोड्यांच्या टाचा ठोकतायत. चालतात तर असे, जणू दोन मांड्यांत अंडं धरलंय. माझे धाकटे दीर, चाळिशीला टेकलेले, पुढच्या महिन्यात लग्न!
मी म्हटलं, "नवरदेव, लग्नाआधीच ही चाल, मग नंतर काय रांगणार?"
एरवी एकाला दोन ऐकवतात. आज नुसते लाल झाले. म्हणजे दुखतंय कुठंतरी.

७ मार्च
मूळव्याध असणार, म्हणून मऊ चामड्याची गादी शिवून दिली. मधे भोक ठेवून. माझ्याच अंगावर फेकली! "वहिनी, तुम्हाला सगळ्याची थट्टाच सुचते."
आता ही थट्टा होती? बरं, थोडी होती. पण शिवली तर मनापासून ना!

९ मार्च
बेकरीवाली आली होती, भाऊजींची होणारी बायको. चपलांचं माप द्यायला. भाऊजी मागच्या दारानं पसार! माप मीच घेतलं.
बिचारी पाय माझ्या हातात देऊन म्हणते, "वहिनी, त्यांचं मन फिरलंय का? मी जवळ बसले की उठतात. नको असेन तर सांगावं सरळ. एक नवरा सोडून गेला, तेव्हा नाही मेले. पण हे तोंड फिरवणं नाही सोसत."
मी थट्टा न करता तिचं माप पुन्हा घेतलं. आमच्या ह्यांनीही शेवटची वर्षं अशीच पाठ फिरवली होती. विचारलं की "कंबर धरलीय." मी समजले, कंटाळले मला. जाऊ दे. गेलेल्या माणसाशी कुठं भांडत बसू.

१० मार्च
चादर बदलायला गेले तर भाऊजींच्या गादीखाली चामड्याची वादी. अंगठ्याएवढी रुंद, आतून मऊ अस्तर, बारीक बक्कल, खाली आकडा नि आकड्याला शिशाचा गोळा! टाके सुबक, जरासे डावीकडे कललेले. मनगटाला म्हणावी तर लहान. कुत्र्याची म्हणावी तर घरात कुत्रा नाही.
मग डोक्यात उजेड पडला. बाई बाई बाई! पलंगावर बसून पोट दुखेस्तोवर हसले.
मग अस्तरावर सुकलेलं रक्त दिसलं. हसू तिथंच गिळलं.

११ मार्च
दुकानाचं दार लावून वादी भाऊजींसमोर ठेवली. आधी ओरडले, मग खालीच बसले. बसले आणि कळवळून उठले!
पुरुषाचं अंग वाढवायचे उपाय, मोबाईलवर बघून करतायत म्हणे. गरम फडक्यानं शेकायचं, तेल लावायचं, दाबून ओढायचं. वर ही वादी.
म्हणाले, "चामडं ओलं करून, शेकून साच्यावर ताणलं की वाढतं ना? रोज तेच करतो आपण!"
"अहो, ते मेलेलं चामडं! जितेपणी ताणलं असतं तर बैलानं लाथ घातली असती!"
आधी लाल ठिपके आले. भाऊजींना वाटलं, गुण येतोय! मग बधिर झालं, तर आणखी जोर लावला. आता निळं पडलंय, आत गाठ लागते, आणि सकाळी म्हणे काही हालचालच नाही. एवढ्या हुशार हाताच्या माणसाला एवढी अक्कल नसावी?
"कुणी सांगितलं होतं हे करायला?"
"तिचा पहिला नवरा सोडून गेला. मी कमी पडलो तर?"
कपाळ माझं! तिकडे ती समजते मीच नकोशी!
"आधीच सांगायचं होतंत. चिडवलं नसतं मी."
"तुम्ही? आणि चिडवणार नाही?"
वर लग्नच मोडतो म्हणतात. मी म्हटलं, उद्या डॉक्टर, नाहीतर बेकरीसमोर उभी राहून बोंब ठोकते.

१२ मार्च
डॉक्टर निघाली बाई! भाऊजी दारातूनच वळले. मी सदऱ्याची कॉलर धरून आत लोटलं. तपासून झाल्यावर भाऊजींनीच मला आत हाक मारली. घाबरून काही ध्यानात राहीना म्हणे.
डॉक्टरीणबाई सरळ बोलतात. "ठिपके, निळेपणा, बधिरपणा, गाठ, वाकडेपणा, ताठपणा कमी होणं, यातलं काहीही दिसलं की थांबायचं आणि दाखवायचं. जोर वाढवायचा नाही." शेक, तेल, ओढाताण, सगळं बंद. बांधून वजन लटकवणं तर मुळीच नाही. रक्त अडतं. कट्‌कन आवाज होऊन सूज आली, लघवीतून रक्त आलं किंवा लघवीच अडली, तर त्याच घडीला मोठा दवाखाना.
"तुमचं चारचौघांसारखंच आहे हो. अशा व्यायामानं वाढेल याचा भरवसा नाही, बिघडेल याचा आहे. आत व्रण धरला की कायमचं वाकतं. आराम करा, बहुतेक भरून येईल."
मी एकही विनोद केला नाही! ओठ चावून चावून सुजले. आता त्या ओठांनाही शेक नकोच म्हणायचा.

१५ मार्च
भाऊजींनी तिला सांगितलं. स्वतः! मी मोरीत भांडी न वाजवता ऐकत होते.
ती म्हणाली, "मी रोज पीठ मळते. जास्त ताणलं की फाटतं, एवढं मलाही कळतं!" मग जी झाडली! दुखण्यावरून नाही, तोंड फिरवल्यावरून. शेवटी म्हणे, "लग्न पुढं ढकलू. मला तुम्ही धड हवात."
भाऊजी हसले. कितीतरी दिवसांनी.

१६ मार्च
आता जरा मोकळीक, म्हणून म्हटलं, "भाऊजी, वादी मात्र झकास शिवलीत. गिऱ्हाइकाला असं काम कधी देत नाही!"
"मी कुठं शिवली? दादाच्या हत्यारांच्या पेटीत होती, तळाशी. ती बघूनच तर वाटलं, दादानं केलं म्हणजे चालत असेल."

१७ मार्च
वादी उजेडात धरली. टाके डावीकडे कललेले. या दुकानात डावखुरं माणूस एकच होतं.
कंबर म्हणे!
अहो, मला सांगायचं होतंत. नसतं हो चिडवलं.