खुशीने ओळखलेली खिरापत

बुटीबोरी, १६ सप्टेंबर २०२५

ती. आईस, प्रेमलताचा सा. न. वि. वि.

फोनवर बोललं की तू सगळं हसण्यावारी नेतेस, म्हणून पत्र. शेजारच्या यमुताईंकडून वाचून घे. शाळेच्या मुलाखतीत आपल्या खुशीनं तोंडच उघडलं नाही. आंब्याचं चित्र दाखवलं तरी गप्प. साडेतीन वर्षांची झाली, आणि तुझ्याकडे दिवसभर चिखलात नाही तर डाळीच्या परातीत. डिसेंबरात शाळा पुन्हा बोलावणार आहे. तोवर इथल्या तयारीवर्गात तिचं नाव घातलंय. कोजागिरीला तिचे बाबा दुर्गेश तिला इकडे न्यायला येतील. रागावलीस तरी माया असू दे.

तुझी प्रेमलता

मनीषनगर, नागपूर, २१ सप्टेंबर

चि. सौ. प्रेमलतास वच्छलाबाईचे अ. आ. वि. वि.

मी सांगून राहिली, यमुताई लिहून राहिल्या. त्या माझे टोमणे गाळतात असा मले संशय आहे. कमी वाटले तर आपल्या मनानं घालून घे.

आंब्याचं मी खुशीले विचारलं. तिनं कानात सांगितलं, त्याले वासच नव्हता. आता सांग वं, चूक कोणाची?

पोरगी डोळे मिटून तूर अन् मूग वेगळे करते. मातीचा कोणता गोळा जड, ते हातात धरून सांगते. लेकरू पहिले बोटानं शिकते. तोंड मागून येते. तू लहानपणी चुलीतली राख चाखत होती, अन् आज कारखान्यात कापड तपासते ते बोटानंच ना?

पण चारचौघांत तिच्या तोंडाले कुलूप लागते, हे खरं. त्याची चिंता मलेही आहे. कोजागिरीले आमच्या बिल्डिंगीत भुलाबाईची गाणी आहेत. गाणी झाली की बंद डब्यातली खिरापत ओळखायची. तिथं खुशी बोलली नाही, तर तुझ्याकडे यायले तिची कपड्यांची पिशवी मीच भरून देईन.

लोभ कमी करू नको, चहातली साखर कर.

वच्छलाबाई (अंगठा)

मनीषनगर, ७ ऑक्टोबर

चि. सौ. प्रेमलतास अ. आ. वि. वि.

जावईबापू काल खुशीशिवाय परतले. काहून, ते त्यांनी नीट सांगितलं नसेल.

डबा मीच भरला होता. आतली वस्तू ओल्या फडक्यात बांधली, म्हणजे हलवला तरी आवाज नाही. लाडू, चिवडा, पेढे, सगळं म्हणून बाया थकल्या. जावईबापूंनी एकट्यानं अकरा नावं घेतली, अन् शेवटी म्हणाले, डबा रिकामाच असेल.

मग खुशी माझ्या पदरामागून निघाली. डबा मांडीवर घेतला, हलवला नाही. गाल लावून पाहिला. झाकणाच्या फटीले नाक लावलं. पिशवीचा शब्द मीच दिला होता.

"शिंगाडे," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "तलावाचा वास येऊन राहिला."

शिंगाडेच होते, उकडलेले. बिल्डिंगीतल्या कुसुमताईनं मुद्दाम विचारलं, दिसतात कसे. तर पोरीनं दोन शिंगं, टोचणारा काटा, आतला पांढरा गर, सोलायची रीत, सगळं दम न घेता सांगितलं. शेवटी मीच म्हटलं, बाई, आता लोकाईले खाऊ दे.

यमुताई म्हणतात आवरा, तुमची जीत माझ्या बोटांत दुखून राहिली. तेव्हा आशीर्वाद, दोघांलेही.

वच्छलाबाई (अंगठा)

बुटीबोरी, १२ ऑक्टोबर

ती. आईस सा. न. वि. वि.

वर्गातून नाव काढलं. दुर्गेशनी अकरा नावांचं सांगितलं नव्हतं. डब्यातच खोट होती म्हणाले. काल कापडाचं थान तपासताना मी डोळे मिटून पाहिलं. सुताची गाठ बोटाला आधी लागली, दिसली नंतर.

शाळेनं कळवलंय, डिसेंबरच्या मुलाखतीला घरातलं एक मोठं माणूस मुलीजवळ बसावं. मी तुझं नाव दिलंय. तिथल्या बाईंना फार प्रश्न विचारू नकोस.

तुझी हरलेली, तरी लाडकी,
प्रेमलता