आई नर्स नव्हती

नेपरव्हिल, अमेरिका
२० ऑक्टोबर २०२४

ती. आईस,
सविनय जयभीम.

पत्र पाहून घाबरू नकोस, सगळे मजेत आहोत. रविवारी प्रितमदादा फोन टीव्हीपाशी टेकवून ठेवतो आणि इलावहिनीपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळे त्यात डोकावतात, तिथे हे बोलता आलं नसतं. म्हणून कितीतरी वर्षांनी कागद घेतला. अक्षर बिघडलंय, हसू नकोस.

बातमी अशी की मी नर्सिंगला अर्ज करतेय. इथल्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षांचा कोर्स असतो, तो करून परीक्षा पास झालं की नर्स होता येतं. एकेचाळिसाव्या वर्षी हे काय सुचलं असं तू म्हणशील. गेली दोन वर्षं मी शरीरशास्त्र, मायक्रोबायोलॉजी असे आधीचे विषय गुपचूप करून घेतलेत आणि सगळ्यांत ए मिळवलाय. जागा चाळीस, अर्ज तीनशेच्या वर. मार्क बघतात, नर्स का व्हायचंय यावर एक पान निबंध लिहून घेतात आणि मग मुलाखत. गेल्या वर्षी माझा नंबर लागला नाही, तेही तुला सांगितलं नव्हतं.

आणखी एक. यंदापासून अर्जाच्या आधी सीएनए व्हावं लागतं, म्हणजे सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट, नर्सच्या हाताखालची मदतनीस. ते सर्टिफिकेट काढून मी सहा महिने एका वृद्धांच्या केअर सेंटरमध्ये काम करतेय. आंघोळी घालणं, डायपर बदलणं, भरवणं. अतुलला आणि सोनलला ठाऊक आहे. अण्णांना मात्र सांगितलंय की हॉस्पिटलच्या ऑफिसात ट्रेनिंग चालू आहे. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात आणि सूनबाई ऑफिसात जाते याचं त्यांना कौतुक आहे. विहारातल्या मैत्रिणींनाही तेच सांगितलंय. का, ते विचारू नकोस. युनिफॉर्म मी गाडीत बदलते.

सोनलच्या बाळंतपणाला तू आली नाहीस तो राग चौदा वर्षं झाली तरी गेलेला नाही. तेव्हा निदान या अर्जासाठी तरी रोज वंदना घेताना माझी आठवण कर. गुडघ्याला तेल लावतेस ना?

दादा-वहिनीला जयभीम. रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी,
उपासना


नागपूर
१८ नोव्हेंबर २०२४

चि. उपासनास,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

पोस्टमनने पाकीट दिलं तेव्हा इला म्हणाली की बँकेचं असेल. मी पदराखाली धरून वरच्या खोलीत नेलं आणि कडी लावून वाचलं. घरात सगळ्यांना वाटतंय म्हातारीचं काहीतरी चाललंय. वाटू दे.

तुझं काम वाचून आधी हसू आलं आणि मग रडू आलं. एकतीस वर्षं मी वार्ड नंबर चारमध्ये जे केलं त्याला तिथे सर्टिफिकेट लागतं म्हणे. मला कुणी दिलं नाही ते. तू सातवीत असताना माझ्या हाताला फिनेलचा वास येतो म्हणून मला वेणी घालू द्यायची नाहीस, आठवतं? आता तुझ्या हाताला कसला वास येतो ते लिही.

चिडवते आहे गं. कामाचं सांगते ते मात्र नीट ऐक. अंथरुणावर पडून असलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस पालटून द्यायची. पालटायच्या आधी सांगायचं आणि मग हात लावायचा, बोलता न येणारी माणसंही ऐकत असतात. टाच गादीला टेकू द्यायची नाही, पोटरीखाली उशी ठेवायची. जखम टाचेपासून सुरू होते आणि ती आधी नुसती लाल दिसते. सिस्टर लोकांना औषधांतून सवड नसायची. पाठ आणि टाच आम्हीच बघायचो.

आणि गाडीत कपडे बदलू नकोस, कंबर धरेल.

बाळंतपणाचं तू दर वेळी काढतेस. गुडघ्यामुळे जमलं नाही असं सांगितलं ना तेव्हाच. जाऊ दे ते आता.

अर्जाचं काय झालं ते कळव. तुझ्या सासऱ्यांना, शंकररावांना, आणि अतुलला जयभीम, सोनलला पापा.

तुझी वाट बघणारी,
आई


नेपरव्हिल
२ फेब्रुवारी २०२५

ती. आईस,
सविनय जयभीम.

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. आजही पाठवेन की नाही, माहीत नाही.

मुलाखत झाली, चांगली झाली. विभागाच्या मुख्य बाई उठून दारापर्यंत सोडायला आल्या. त्याचीच लाज वाटते आहे. निबंधात मी तुझ्यावर लिहिलं होतं. अर्धांगवायू झालेला तो गिरणीतला मजूर, चार महिने तुझ्या वार्डात होता आणि त्याच्या पाठीला एकही जखम झाली नाही, डॉक्टर विद्यार्थ्यांना घेऊन बघायला आले होते. सगळं खरं लिहिलं. फक्त पहिल्या ओळीत लिहिलं की माझी आई नर्स होती.

मुख्य बाईंना ते फार आवडलं. तुझं ट्रेनिंग किती वर्षांचं होतं असं त्यांनी विचारलं, मी तीन सांगितली. युनिफॉर्म कसला होता असं विचारलं, मी पांढरा सांगितला. तुझी निळी साडी डोळ्यांसमोर होती, तरी पांढरा म्हणाले. मुलगी आईच्या पावलावर पाऊल टाकते आहे याचा त्यांना आनंद झाला.

आई, हे आजचं नाही. सासूबाई मला बघायला आल्या तेव्हा त्यांनी विचारलं होतं की आई काय करते. मी म्हटलं, दवाखान्यात असते. सिस्टर का, असं त्या म्हणाल्या आणि मी मान हलवली. एवढंच केलं. मला वाटलं, लग्न झाल्यावर सांगू. मग सासूबाईही गेल्या. सोळा वर्षं त्या घरात तू नर्स आहेस. रविवारी विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं बोलणार नाही म्हणताना, माझी जीभ अडखळते.

गेल्या महिन्यात एका आजींच्या टाचेवर लाल डाग दिसला. तुझ्या पत्रामुळे दिसला. तिथल्या नर्सने विचारलं, कुणी शिकवलं. आईने, असं मी म्हणाले. मग आई नर्स असणार, असं ती म्हणाली आणि मी पुन्हा मान हलवली.

निकाल मार्चअखेर आहे. कुणी तपासणार नाही, गप्प राहिले तर या वेळी जागा नक्की मिळेल. आणि यंदा जयंतीच्या कार्यक्रमात अण्णा व्हिडिओ कॉलवर तुझा सत्कार करणार आहेत, नर्स म्हणून. विहारात सगळ्यांना सांगूनही झालं. तेव्हा तू फक्त हात जोड आणि थोडक्यात आटप, जास्त बोलू नकोस. हे मी माझ्या आईला लिहिते आहे. मला माझीच किळस येते.

मला काय म्हणायचं ते म्हण, पण उत्तर लिही.

उपासना


नागपूर
२३ फेब्रुवारी २०२५

चि. उपासनास,
आशीर्वाद, जयभीम.

लगेच लिहिलं असतं तर भलतंसलतं लिहून बसले असते, म्हणून तीन दिवस थांबले.

तुला वाटतं मला आज कळलं. तुझ्या लग्नात पंचशील म्हणून पाच मिनिटं झाली नव्हती आणि तुझ्या सासूबाईंना, सुमित्राबाईंना, चक्कर आली. त्यांच्याकडचं कुणीतरी ओरडलं की नर्सबाईंना बोलवा, ब्लडप्रेशर बघू द्या. कुणाच्या तरी पिशवीतून मशीनही निघालं. मी इकडेतिकडे बघत होते, ही नर्सबाई कोण म्हणून. मग लक्षात आलं की सगळे माझ्याकडेच बघताहेत. मी तुझ्याकडे पाहिलं तर तू मान खाली घातलीस. नवरीने मान खाली घातली तर कुणाला वावगं वाटत नाही, मला मात्र सगळं समजलं. मी म्हणाले, चष्मा घरी राहिला. तेव्हा मला चष्मा लागलेलाच नव्हता. त्यांचे पाय उशीवर ठेवले, साखरपाणी पाजलं, त्या उठून बसल्या. लोक म्हणाले, अनुभवी बाई आहेत.

आता बाळंतपणाचंही ऐक. पासपोर्ट तयार होता. पण तुझ्या घरी सगळे असणार होते आणि नर्सबाई आली म्हटल्यावर बाळाचा ताप, औषधाचा डोस, टाके, सगळं मला विचारणार. खोटं उघडं पडेल ही भीती होतीच. पण माझ्या तोंडून काही चुकीचं गेलं आणि पोरीला झालं तर, ही भीती जास्त होती. म्हणून गुडघा पुढे केला. माझी पहिली नात, बाई. तिच्या अंगाला तेल लावायला मी नव्हते. चौदा वर्षं तू बोलतेस आणि मी ऐकून घेते.

मला लाज नव्हती असं खोटं नाही लिहीत. ती नसती तर मी मांडवातच सांगितलं असतं की मी आया आहे. मीही चष्म्यामागे लपले. त्या दोषात मी तुझ्या बरोबरीची आहे.

पण त्या मजुराची पाठ आयाने सांभाळली होती. ते तू सिस्टरच्या नावावर केलंस, याचा राग आलाय. आमच्या नीना सिस्टर अजून आहेत, त्यासुद्धा ते स्वतःच्या नावावर घेणार नाहीत.

कॉलेजला खरं लिही. जागा जाईल, मला कळतं, आणि हे सांगताना माझा जीव तुटतो. तरी लिही. शंकररावांना तूच सांग. नाही सांगितलंस तर त्या सत्कारात मी सांगेन, आणि थोडक्यात आटपणार नाही.

जेवत जा वेळेवर.

आई


नेपरव्हिल
३० मार्च २०२५

ती. आईस,
सविनय जयभीम.

बाळंतपणाचं वाचलं आणि केअर सेंटरच्या पार्किंगमध्ये तासभर गाडीतच बसून राहिले. माफी मागायला तोंड नाही. इतकी वर्षं मी तुला टोमणे मारले आणि कारण मीच होते.

कॉलेजला लिहिलं. आई आया होती, तिची साडी निळी होती, निबंधातलं काम तिचंच आहे आणि हुद्दा खोटा आहे. मुख्य बाईंचं चार ओळींचं उत्तर आलं. निबंधाचे आणि मुलाखतीचे गुण काढून टाकले. खरं कळवल्यामुळे अर्ज रद्द मात्र केला नाही. परवा निकाल लागला. नुसत्या मार्कांवर मी वेटिंग लिस्टमध्ये सहावी आहे. ऑगस्टपर्यंत सहा जणांनी जागा सोडली तर नंबर लागेल. यादी बघताना त्यातली एक जागा माझी होती, हे मनातून जात नाही.

अण्णांना सांगितलं तेव्हा ते मेथी निवडत बसले होते. सगळी जुडी त्यांनी निवडून संपवली. तिसऱ्या दिवशी म्हणाले की आमच्या घरात यायला तुला खोटं का लागलं, याचा विचार करतोय. तेव्हा तू आया म्हणाली असतीस तर मी काय केलं असतं याचाही करतोय, आणि मला उत्तर चांगलं येत नाहीये. मग उठून खोलीत गेले. आई, मी त्यांचं तोंड इतकं उतरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

सत्काराचं त्यांनी काही सांगितलं नाही. मला विचारायचा धीर होत नाही.

सोमवारपासून युनिफॉर्म घरातच घालते. सोनलला सगळं सांगितलं. तिने इंग्रजीतच विचारलं की मग आजी आता का येत नाही. त्याचं उत्तर तूच तिला लिही.

लोभ मागायचा हक्क राहिलेला नाही, तरी मागते.

तुझी,
उपासना


नागपूर
२० एप्रिल २०२५

चि. उपासनास,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

तुझं पत्र परवा पोचलं, म्हणजे सत्कार होऊन गेल्यावर. शंकररावांना कळलंय की नाही हे मला ठाऊक नव्हतं. म्हणून कॉल लागायच्या आधी मी ट्रंकेतली निळी साडी काढून नेसले. इलाला वाटलं मला भ्रम झाला. तू तिकडे मागच्या रांगेत बसलेली दिसलीस, हातात रुमाल घट्ट धरलेला.

बोलायला मी तोंड उघडणार तेवढ्यात शंकरराव म्हणाले की या माझ्या विहीणबाई, एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात आया होत्या, आणि मी सोळा वर्षं सगळ्यांना चुकीचं सांगत आलो. चूक स्वतःच्या नावावर घेतली त्यांनी, तुझं नाव काढलं नाही. मी हात जोडले. तू म्हणाली होतीस तसं थोडक्यातच आटपलं.

सोनलला सांग, आजी येते. जुना पासपोर्ट केव्हाच संपला, नव्याला टाकलंय. प्रितम व्हिसाचा फॉर्म आधीच बघून ठेवतोय. त्यात पूर्वी काय काम करत होतात असं विचारलंय. तो म्हणाला, हॉस्पिटल स्टाफ लिहू, बरं दिसतं. मी म्हणाले, आया लिही. त्याला इंग्रजीत शब्द सापडेना, शेवटी तुझाच सापडला, नर्सिंग असिस्टंट. सर्टिफिकेट नाही असं खाली लिही म्हटलं तर म्हणतो, तेवढी जागा नाही.

ऑगस्टपर्यंत पोचते. तुझा नंबर लागला तर सोनलचं बघायला, नाही लागला तर तुझं बघायला. पुढच्या वर्षीच्या निबंधाची पहिली ओळ मी सांगेन.

शंकररावांना जयभीम सांग आणि एवढा निरोप दे. मी आले की ब्लडप्रेशर मोजायला सांगू नका. चष्मा आता खरंच आहे, पण ते मशीन मला अजून येत नाही.

तुझी आई,
रत्नाबाई
वार्ड नंबर चार